गुडघाभर पानी

—नाई, नाई, थांब. पेन ठेव खाली. गुडघाभर पानी कोनं सांगतलं तुले? इंद्रभान पाटलानंच सांगतलं अशीन, अन् त्याच्या मागं उभ्या असलेल्या सगळ्यायनं मुंड्या हालवल्या अशीन. मले माहीत हाय बापू, टपरीवर बसल्या बसल्या सगळं समजते मले — तू नव्या रोडची मोजनी कराले सकाळी शेलूबाजाराकून आला, पाटलाच्या गोठ्यापुढं गाडी लावली, पोहे खाल्ले, अन् मंग त्याचाच मानूस संग घेऊन घरोघरी विचारत फिरला. सगळ्यात मोठा पूर कोनता, पानी कुठवर आलतं, कोनत्या झाडाले लागलं. बरोबर? अन् सगळ्यात शेवटी माह्याकडे आला. विचाराले नाई आला. चहा प्याले आला. मीच विचारलं म्हनून तुह्या तोंडून निंगालं — गुडघाभर.

अन् आल्या आल्या काय म्हनला तू? 'मावशी, बेवड्याचा रपटा हाच का?' — हाच, हाच, बस ना, रागावली नाई मी. तुहा काय दोष? एस्टीचा कंडक्टर बी असाच आवाज देते, जीपवाले बी, शाळेतले पोरं बी. पूल तं नाईच इथं. नाल्यात आडवा टाकलेला सिमेंटचा पट्टा हाय, पूर आला की पानी वरून जाते अन् मानसं दोन्ही काठाले बसून राहते. त्याचं नाव बेवड्याचा रपटा. तुह्या नकाशात बी तेच छापलं अशीन... छापलं? दाखव बरं. मले वाचता येत नाई, पन बोट ठेव. इंग्रजीत बी बेवडाच का? — बरं. तं आईक, तुह्या नकाशातला तो बेवडा माहा नवरा होता. सोमला त्याचं नाव.

अरे, उठतं काहून? चहा सांडला पाय. बस, दुसरा टाकतो. सॉरी-फॉरी नको म्हनू, साऱ्या जिल्ह्यानं म्हटल्यावर तुह्या एकट्याच्या सॉरीचं मी काय करू? दारूचा थेंब नाई लावला त्यानं तोंडाले. तांड्यात लग्न असलं, होळी असली, सगळे घेत, अन् हा एका बाजूले बसून सुपारी कातरे. लोकं हासत त्याले. मी बी हासत होती. आता वाटते, घेत असता तं बरं झालं असतं, निदान नाव तं खरं झालं असतं.

तू चहा घे, अन् मी सांगतो तुहा रोड काय करून राह्यला ते. तुमाले लाइन दिसते — इकडून सरळ काढली, वळण गेलं, गाडीचा टाइम वाचला. जुना रोड हा पाय, टेकडीले वळसा घालते, रपट्यावर उतरते, माह्या टपरीपुढून जाते अन् तांड्याकून आसेगावकडे निंगते. नवा रोड टेकडीकडं पाहतच नाई, खालच्या वावरातून सीधा जाते अन् नाला तिकडंच वलांडते. तुमच्या लोकायनं दिवाळीच्या आंधी लाल झेंड्याच्या खुंट्या रोवल्या, अन् तवापासून ह्या गावाची नजरच फिरली. पहिले वावर दाखवलं तं लोकं ढेकूळ फोडून पाहत, विहिरीले पानी किती ते विचारत, धुऱ्या-बांधावर कोनाचं भांडन हाय का ते विचारत. आता? आता एकच — रोडले तोंड किती? बस, तोंड किती! सोयाबीन काढली अन् हरभरा पेरलाच नाई कोनी. तूर उभी होती, शेंगा धरल्या होत्या, तिच्यातून ट्रॅक्टर घातला, चुन्यानं चौकोन आखले, बोर्ड लावला — रोडटच प्लॉट. रोड अजून तुह्या कागदातच हाय बापू, अन् इथं दुकानायचे बारसे झाले. एकानं तं टिनाचं शेड मारून त्याच्यावर 'हायवे सलून' लिहून टाकलं. हायवे नाई, गिऱ्हाइक नाई, कोंबड्या बसते खुर्चीवर.

अन् ह्या सगळ्यायचा बाप कोन? इंद्रभान. खुंट्या रोवल्या त्याच्या वर्सभर आंधी त्यानं खालच्या पट्टीतले वावरं घेऊन ठेवले. उन्हाळ्यात बी पाय फसते अशी दलदल, म्हशीशिवाय कोनी जात नव्हतं तिथं, अन् हा हात जोडून मागून राह्यला. त्याले आंधी कसं समजलं? ते तुह्या साहेबाले माहीत, मी कायले तोंड खराब करू. पेट्रोल पंप टाकनार हाय. पंप, बाजूले हॉटेल, मांगं लॉन — आपल्या तांड्यातले पोरं वाढपी ठेवतो म्हनते.

पन एक गोष्ट त्याले बी मांगून समजली. लाइन सगळ्यायनं पायली, उंची कोनीच पायली नाई. आता तूच सांग, नाल्याकाठचा रोड किती उंच ठेवा लागते? पुराचं पानी जिथं लागलं त्याच्या वर. तुह्या पहिले एक म्हातारा साहेब आलता, त्यानं मले भजे खाता खाता सांगतलं हे, अन् तेच त्यानं इंद्रभानले कोंबडी खाता खाता सांगतलं. पूर गुडघाभर असला तं रोड वावराच्या बरोबरीनं जाईन, गाडी जरासक वळली की सीधी पंपावर. पूर मोठा असला तं भराव. मातीची भिंत. रोड वर आभाळात अन् इंद्रभानचा पंप खाली खड्ड्यात! कोंबडी गळ्यात अटकली अशीन त्याच्या. त्या दिवसापासून तो घरोघरी फिरून राह्यला. पैसे नाई वाटले त्यानं, गरजच नाई पडली. एवढंच म्हनला, पूर मोठा सांगतला तं तुमचे बी दुकानं खड्ड्यात जाईन. बस. साऱ्या गावाचा पूर एका रातीत आटला.

माहा नाई आटला. खेमा — माहा पोरगा — तवा पाचवीत होता. पोळ्याच्या आंधीचा बाजार. झड लागली होती, तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. सोमला शेलूबाजारले गेलता, बैलाले गोंडे आनाले. येतायेता जीपवाल्यानं त्याले पल्याड सोडलं. मी ह्या काठावर उभी, बाजूले खेमा. त्या साली पहिल्यांदाच पानी रपट्यावरून जाऊन राह्यलं होतं, पोटरीइतकं, तेवढं तं आमी नेहमीच वलांडत. त्याची एक रीत होती बापू. रपट्याच्या कडेले दगडी खांब होते, कंबरेइतके, चुन्याचे पट्टे मारलेले. पानी कितीबी गढूळ असो, खांबाचे डोके दिसत. डाव्या हातानं एक खांब धराचा, पाय न उचलता घासत पुढं जाचं, मंग दुसरा धराचा. पोटुशी बाई बी अशीच जात होती, शाळेतले लेकरं बी. सोमलानं पहिला धरला, दुसरा धरला, अन् सवयीनं हात पुढं केला तं खांबच नाई. त्याच उन्हाळ्यात इंद्रभाननं नवा गोठा बांधला, त्याच्या जोत्याले दगड पायजे होता, अन् बैलबंडी लावून त्यानं रपट्याचे खांब उपटून नेले. आमी पायलं ना, दिवसाढवळ्या पायलं. पन उन्हाळ्यात कोनाले खांब आठवते? पहिले दोन ठेवले होते त्यानं, खोल गाडले होते म्हनून. ते दोन नसते तं सोमला पान्यात उतरलाच नसता. तो तिथं मधात थांबला, हात असा हवेत, चाचपून राह्यला. मी वरडली, मांगं फीर. तेवढ्यात वरून लोंढा आला.

पानी उतरलं तवा त्याची लाल पागडी त्या कवठाच्या झाडात अटकेल होती. ते पाय, काठावरचं. दोन फांद्या फुटते ते बेचकं दिसते? तिथं. अमरसिंग आमच्याच तांड्याचा, तो भावाच्या खांद्यावर उभा राह्यला तवा त्याचा हात पुरला. अन् इंद्रभान तवा पोलीस पाटील. साहेब लोकं आले, त्यायच्यापुढं काय म्हनला? पानी गुडघाभर होतं साहेब, लेकरं खेळून राह्यले होते त्याच्यात, हा बाजारातून पिऊन आलता. कोनी विचारलं नाई, कोनी झाडाकडं मान वर करून पायलं नाई. तांड्याचा मानूस म्हटला की बाटली त्याच्या हातात आपोआप येते, कोनाले देयाची गरज नाई पडत. बेवडा पडला अन् मेला — आता त्याच्यात नाल्याचा काय दोष अन् गोठ्याचा काय दोष! आजबी जा त्या गोठ्यात, म्हशीच्या पायाखाली पाय, चुना दिसते दगडावर. तू सकाळी त्याच्यावरच उभा राहून पोहे खाल्ले.

लोकं मले विचारते, हिरीबाई, नवरा गेला तिथंच चहा इकतं, तुले काई वाटत नाई का? वाटते ना. वाटते म्हनूनच टपरी इथं टाकली. मले माहीत होतं, एक ना एक दिवस कोनीतरी येईन अन् विचारीन, पानी कुठवर आलतं? वाटलं पोलिसाचा कोनी येईन, कलेक्टरचा कोनी येईन. आला तू, रोडवाला. चालते. मले तू चालतं.

मांड आता कागदावर. बेचक्यापर्यंत. अन् मले काई खोटं बोला लागत नाई, हीच तं मजा हाय! लोकायले वाटते, कोनाले बुडवाचं म्हनजे खोटं बोला लागते. मी खरं बोलनार अन् तो बुडनार. मले आताच दिसते डोळ्यापुढं — वरून ट्रक चालले धडधड, धडधड, अन् खाली हा पंपावर उभा, हात हालवून राह्यला, अरे थांबा, अरे थांबा! कोन थांबते? ड्रायव्हरले त्याचं फक्त छप्पर दिसन. लॉनमधल्या नवरदेवाच्या डोक्यावर धूळ पडन. पावसाळ्यात साऱ्या रोडचं पानी उतरून त्याच्या प्लॉटात. तवा मी जाईन तिथं. लुगडं वर खोचून जाईन अन् विचारीन, कावो पाटील, किती पानी हाय? गुडघाभर ना? पिऊन तं नाई आले?

काय म्हनला? एकट्या बाईचं कसं मानाचं? हं. सारं गाव एकीकडं. तं अमरसिंगले विचार ना, त्यानं आपल्या हातानं काढली पागडी. ...विचारलं? तो बी गुडघाभर म्हनला? म्हननारच. वावर इकलं त्यानं इंद्रभानले, बदल्यात कोपऱ्यावरचा गाळा भेटनार हाय. पागडी मले आनून देल्ली तवा पोरासारखा रडला होता तो. जाऊ दे. तं तू माह्या खेमाले विचार. लहान होता, पन त्याले सारं दिसलं, माहं लुगडं मुठीत धरून उभा होता. मोठा झाला तरी झोपेत दचकून उठे. इंद्रभाननं त्याले बी बलावलं होतं, गोड बोलला, पाठीवर हात फिरवला. पन खेमा माहा हाय. साऱ्या गावानं मुंडी हालवली तरी तो नाई हालवनार, तू फक्त त्याले—

काय?

भेटला? कुठं भेटला?

पाटलाच्या गोठ्यात कसा भेटन, तो तं मंगरूळले जातो म्हनून सकाळीच निंगाला, टायर आनाले. दुसरा कोनी अशीन. खेमा नावाचे दोघंतिघं हाय. ...उंच? कानात बाळी? हं. हो, तोच.

काय म्हनला तो? मान खाली नको घालू बापू. मी विचारून राह्यली ना. किती म्हनला?

दूध उतू गेलं. थांब, ग्यास बंद करतो.

माह्या पोटच्या पोरानं बापाले गुडघाभर पान्यात बुडवलं.

नाई, काई नाई झालं मले. तू सांग, पुरं सांग. प्लॉट घेतला त्यानं? पंपाच्या बाजूचा? मले नाई सांगतलं. पंक्चरचं दुकान टाकनार हाय ते माहीत होतं, पन मले वाटलं इकडं, जुन्या रोडवर, माह्या बाजूले. इथं कोन येईन म्हना, नवा रोड झाला की ही टपरी बी मेलीच. शेड मारलं? बोर्ड बी रंगवला? काय लिहिलं बोर्डावर... परत सांग.

सोमला टायर्स.

बापाचं नाव देल्लं. असं करून राह्यला होता तो. म्हनून बोलत नव्हता माह्याशी. त्याले वाटलं अशीन, दुकान चाललं, गाड्या थांबल्या, की कंडक्टर म्हनन — चला, सोमला टायर्सवाले उतरा. रपटा राहनार नाई, रपट्याचं नाव राहनार नाई. बेवडा मातीत गेला अन् सोमला बोर्डावर आला. अक्कल हाय पोरात. माह्यापेक्षा जास्त हाय. मी आपली वर्सानुवर्स इथं बसून भजे तळून राह्यली, अन् त्यानं एक डबा रंगात काम भागवलं.

पन ते नाव उभं कायच्यावर राहीन बापू? त्याच गुडघाभर पान्यावर ना? रोज सकाळी इंद्रभान पंपावर येईन, बोर्ड वाचीन, अन् मनात हासन — पाय, पोरानंच कबूल केलं. हासन तो! तुले नाई माहीत तो कसा हासते, आवाज नाई येत, फक्त पोट हालते. अन् माहा खेमा त्याच्या गाडीत हवा भरीन.

काय म्हनतं? सरासरी काढता येते? कोनाचं मन दुखत नाई? वा. गुडघा अन् बेचकं, त्याची सरासरी कंबर. म्हनजे कंबरभर पान्यात मेला माहा नवरा, म्हनजे अर्धी पेला होता! मंग नकाशात बी दुरुस्ती कर, लिही, अर्ध्या बेवड्याचा रपटा. मोठा शिकेल हायेस रे तू. पुराची सरासरी काढते म्हने.

थांब. आवाज आला? त्याचीच फटफटी हाय, मांगं टायर बांधेल हाय. तुही गाडी पाहून हळू केली पाय त्यानं. ए खेमा! इकडं ये. इकडं ये म्हटलं, कायले घाबरतं, साहेबाले तं तू सकाळीच भेटला. टायर राहू दे. जा, त्या कवठाजवळ उभा राह्य. काहून म्हनजे? साहेबाले मानूस पायजे, मोजाले. जा.

चाल बापू, तू बी चाल, तुही ती पट्टी घे. पाय, कसा उभा हाय — उंची बापाचीच आली त्याले, बोटभर बी कमी नाई. खेमा, पाठ लाव झाडाले. सीधा. माह्याकडं नको पाहू, साहेबाकडं पाय. तं बापू, हा मानूस. हा त्याचा गुडघा. अन् आता बेचकं पाय, कुठं हाय? हात वर कर रे खेमा. कर म्हटलं ना. पुरा ताठ. अजून. टाचा उचल. ...नाई पुरत. अमरसिंगले भावाचा खांदा लागला होता, तुह्या पाठीशी तं कोनी नाई. आता साहेबाले सांग, माह्यापुढं सांग, किती पानी होतं?

आमी ऐकून राह्यलो.

सांग ना. सकाळी तं लवकर सांगतलं.

राहू दे. नको बोलू. बापू, खुना कराचा रंग काढ तुहा. लाल हाय ना? पट्टी लाव, अन् त्याच्या बोटाच्या वर मार. अजून वर. अजून. रंग त्याच्या बाहीवर पडते तं पडू दे. हं, तिथं. जाड मार, रोडवरून दिसला पायजे. मांडलं? नाव विचारीन तुहा साहेब, तं माहंच सांग, हिरीबाई, सोमलाची बायको. अन् पाटलाच्या गोठ्यापुढून जाशीन तं त्याले बी सांग, बाई शुद्धीत होती, चहाच पाजला.

ठेव ते पैसे खिशात. सामान गोळा कर अन् नीघ आता. इकडं-तिकडं काय पाहून राह्यला, पट्टी इथं हाय, डबा घे. मले माह्या पोराशी बोलाचं हाय, ते तुह्यापुढं नाई बोलाचं. जा म्हटलं ना.